फोन नंबर नको, पण पत्ता हवाच
मुक्त सॉफ्टवेअर (कोणीही वापरू, बदलू शकेल असं) बनवणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाचा फोन आणि ईमेल प्रकल्पाच्या पानावर द्यावा, अशी सूचना एका लेखात वाचली; ती अर्धीच पटली. गेल्या वर्षी एका मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरात 'रद्द करा'च्या जागी 'रद्दी करा' दिसलं. हसू आलं, म्हटलं कळवावं. भाषांतर ज्यात साठवतात त्या पीओ फाइलच्या डोक्यावर 'लास्ट ट्रान्सलेटर', म्हणजे शेवटचा भाषांतरकार म्हणून नाव-ईमेल असतो, त्यावर लिहिलं. मेल धडकून परत! पत्ता जुन्या नोकरीतला असणार. 'रद्दी' अजून तशीच आहे.

व्यक्तीचा पत्ता बदलतो, कामाचा बदलू नये. डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीत प्रत्येक पॅकेजच्या, म्हणजे त्यातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या, नावाचा ईमेल पत्ता असतो. मेल आपोआप सध्याच्या सांभाळणाऱ्याकडे जाते. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, 'मेंटेनर्स' (सांभाळणारे) फाइलीत तर कोणता भाग कोणाकडे आहे आणि तो 'ऑर्फन', म्हणजे बेवारस आहे का, तेही लिहिलेलं असतं. निदान वाट बघत बसावं लागत नाही.

फोनचं मात्र नाव काढू नका. एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी छुपा चोरदरवाजा घुसवल्याचं २०२४ मध्ये उघड झालं; त्या प्रकरणात ते एकट्याने सांभाळणाऱ्यावर आधी मेलमधूनच तगादा लावला होता. हाती फोन असता तर त्या बिचाऱ्याला जेवूही दिलं नसतं.