पृथ्वी फिरते म्हणून लंडन जवळ येत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा: मुंबईहून दुपारी 1 वाजता निघालेलं विमान संध्याकाळी 5:15 ला लंडनला उतरतं, म्हणजे सव्वाचार तास. परतीचं विमान रात्री 9 ला निघून दुसऱ्या दिवशी 11:20 ला मुंबईत, म्हणजे चौदा तासांहून जास्त. कारण काय, तर पृथ्वी पूर्वेकडे फिरते आणि लंडन विमानाकडे सरकत येतं.

‘जायला सव्वाचार, यायला चौदा तास’
तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. जातानाच्या वेळेत साडेपाच मिळवा: 9 तास 45 मिनिटं. येतानाच्या वेळेतून वजा करा: 8 तास 50 मिनिटं. म्हणजे जास्त वेळ जायलाच लागतो! मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा होतो. घड्याळ बदलतं त्या आठवड्यात कुणाला विमानतळावर घ्यायला जायचं असेल तर आधी तो तपासा.

‘विमान वर, पृथ्वी खाली फिरते’
मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किमी वेगाने पूर्वेकडे जाते. धावपट्टीवर उभ्या विमानालाही तोच वेग असतो, आणि भोवतालच्या हवेलाही. उड्डाण केलं म्हणून तो वेग गळून पडत नाही. पडला असता तर जुहूला तासभर एकाच जागी तरंगणारं हेलिकॉप्टर खाली उतरताना ओमानच्या किनाऱ्याजवळ असतं.

खरा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, वाहतो. हिवाळ्यात तो उत्तर भारत आणि पश्चिम आशियावर असतो आणि कित्येकदा ताशी 150 किमीच्या वर जातो. सगळ्या वाटेवर सरासरी फक्त 60 किमी धरा. ताशी 900 किमीचं विमान जाताना जमिनीच्या हिशोबाने 840 ने जातं, येताना 960 ने. मुंबई-लंडनच्या 7,200 किमीला साडेआठ तास विरुद्ध साडेसात. फेब्रुवारी 2020 मध्ये अशाच वाऱ्यावर ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं, तेही पूर्वेकडे जाताना. हे वारे पूर्वेकडे वळतात ते पृथ्वीच्या फिरण्यामुळेच. म्हणजे तिच्या फिरण्याचा फायदा मिळतो खरा, पण दावा सांगतो त्याच्या उलट दिशेला.

‘7,200 भागिले 900, म्हणजे आठच तास, बाकीचा वेळ कंपन्या फुगवतात’
7,200 किमी हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. ती रेषा कराची, इराण, कॉकेशस (काळा आणि कॅस्पियन समुद्रांमधला डोंगराळ भाग) आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 ला भारतीय कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, परदेशी कंपन्यांसाठी नाही. त्यामुळे एकाच दिवशी दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान पार्किंगमधून हलल्यापासून तिकडे पार्किंगमध्ये थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीसाठीची रांग, चढतानाचा कमी वेग आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी घ्याव्या लागणाऱ्या घिरट्या हे सगळं त्यातच येतं.