तेविसावा नंबर, पण कुणाचा आणि कशात?

टोकियो ऑलिम्पिक म्हटलं की नीरजचा भाला आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण तिथेच फवाद मिर्झा घोडेस्वारीत 23वा आला, हे किती जणांच्या लक्षात आहे? मला याची मनापासून खंत वाटते.

फवाद बंगळुरूचा, वडील घोड्यांचे डॉक्टर. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये त्याने इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदकं मिळवली. घोडेस्वारीत भारताला वैयक्तिक पदक मिळालं ते थेट 1982 नंतर! ऑलिम्पिकमध्ये त्याच्याआधी आपला इव्हेंटिंगचा स्वार होता इम्तियाज अनीस, 2000 साली सिडनीत.

इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यावर तीन परीक्षा. आधी ड्रेसाज, म्हणजे ठरलेल्या हालचाली अचूक करून दाखवणं. जमलं तर स्वार काही करतोय असं वाटतच नाही. पोटरीचा जरासा दाब, लगामावर बोटं किंचित आवळलेली, आणि पाचशे किलोंचं जनावर पावलं मोजत वळतं. मग तोच घोडा क्रॉस-कंट्रीत ओंडके, चर, पाणी ओलांडत भरधाव सोडायचा. त्यानंतर दमलेल्या अंगाने शो जंपिंग, म्हणजे दांड्यांच्या अडथळ्यांवरून उड्या. तिथे दांडा पडला की चार गुण दंड.

टोकियोत मेडिकॉट या घोड्यावर बसून फवाद ड्रेसाजनंतर नववा होता. क्रॉस-कंट्रीत एकही अडथळा चुकला नाही, फक्त 28 सेकंद उशीर झाला. सेकंदाला 0.4 दंड, म्हणजे 11.20. तरी शो जंपिंगच्या अंतिम फेरीच्या 25 जणांत तो पोचला. जकार्तानंतर हाच मेडिकॉट दुखापतीमुळे बराच काळ बाहेर होता, हे विसरू नका. दुखावलेला घोडा धीराने पुन्हा उभा करणं मला पदकाइतकंच मोठं वाटतं.

यासाठी फवादला जर्मनीत प्रशिक्षक सान्ड्रा ऑफार्थकडे राहावं लागलं आणि खर्चाला खासगी प्रायोजक लागला. रोगांच्या निर्बंधांमुळे भारतातून घोडा युरोपात नेणं जवळपास अशक्य होतं, म्हणून घोडाही तिकडचाच. ज्याला हे परवडत नाही, त्या पोराने काय करायचं? 2025 मध्ये मेरठच्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राला घोड्यांसाठी रोगमुक्त म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा मला फार आनंद झाला. आता पुण्याजवळही असं केंद्र व्हावं. इथे रेसकोर्स आहे, स्टड फार्म आहेत, घोड्यांचे जाणकार डॉक्टर आहेत. क्रीडा खात्याने आणि पशुसंवर्धन खात्याने एकत्र बसून हे मनावर घ्यावं, एवढी माझी कळकळीची मागणी आहे.