सिस्टरच्या फोनला किंमत हवी

मार्चमध्ये बाबांना न्यूमोनिया झाला. नागपूरला एका खासगी हॉस्पिटलात भरती केलं आणि मी इंग्लंडमधल्या लीड्सहून निघाले. पलंगाशी नवाकोरा मॉनिटर, चार्ट टॅबवर. त्या चार्टवर दोन दिवस श्वासाचा आकडा दर वेळी एकच: २०. मी घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर बाबांची छाती वरखाली होताना मोजली. २८. बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजन ९४, म्हणून मशीन गप्प होतं. ऑक्सिजन उतरायच्या आधी बहुतेकदा श्वास वाढतो, आणि तो माणसाने बघावा लागतो.

ड्युटीवरची सिस्टर बावीस-तेवीस वर्षांची असेल. हळूच म्हणाली, "ताई, मला सकाळीच वाटलं होतं. पण सरांना फोन केला की चिडतात. आणि माझ्याकडे अठरा पेशंट आहेत."

माझा भाऊ म्हणतो, आता एआय येतंय, तेच सांगेल. काय सांगेल? टॅबमध्ये २० भरलं तर तेही २०च वाचेल.

मी इंग्लंडमध्ये वॉर्डात नर्स म्हणून काम करते. पेशंट बिघडतोय हे लवकर कळावं म्हणून इथे २०१२ पासून न्यूज (NEWS) नावाची गुणपद्धत आहे, २०१७ मध्ये ती सुधारली. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप, शुद्ध, सगळ्याला गुण. श्वास २० असला तर शून्य, २५ किंवा त्याहून जास्त असला तर एकदम ३. एकाच गोष्टीला ३ आले की डॉक्टरला कळवायचंच. रात्री तीनला उठवलं म्हणून मला कोणी बोलत नाही, कारण न उठवणं ही चूक धरतात. इथली स्क्रीन उपयोगी पडते ती यामुळे. शिवाय २००६ पासून वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सेस आपल्या कामाच्या कक्षेत जवळपास सगळी औषधं लिहून देऊ शकतात. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचे डोस आमच्याकडची नर्सच वाढवते-कमी करते.

इथे सगळं छान आहे असं नाही. नर्सेस इथेही कमीच पडतात, आणि हाताखाली पेशंट वाढले की माझाही राउंड उशिरा होतो. युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता: नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटची भरती झाल्यापासून महिनाभरात मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त दिसली. अठरा पेशंटवाल्या त्या पोरीला मी काय बोलणार?

२०१९ च्या मेडिकल कमिशन कायद्यात डॉक्टर नसलेल्यांना उपचार करण्याचा मर्यादित परवाना देण्याचं कलम आलं, तेव्हा डॉक्टर रस्त्यावर उतरले. अर्धवट शिकलेल्याच्या हाती पेशंट जाईल ही भीती मला पटते. पण नर्सिंग म्हणजे अर्धी डॉक्टरकी नव्हे. आज विदर्भातल्या गावांत आरोग्य उपकेंद्रावर बीएस्सी नर्सिंग झालेली सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, बीपी-शुगर तपासते, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांशी बोलते, गोळ्या चालू ठेवते. गावात आपण तिच्यावर भरवसा टाकतो, आणि नागपुरातल्या खासगी हॉस्पिटलांच्या धंतोली-रामदासपेठेत तेच शिक्षण घेतलेल्या मुलीने "पेशंट बरा वाटत नाही" म्हटलं की तिला गप्प करतो. हे मला सहन होत नाही.

त्या दिवशी मी शेजारी उभी राहिले आणि तिनेच फोन लावला. आवाज कापत होता, पण आकडा नीट सांगितला. डॉक्टर आले, अँटिबायोटिक बदललं. रात्रीच्या राउंडला ती घड्याळाकडे बघत बाबांच्या छातीवर हात ठेवून मिनिटभर थांबली, आणि टॅबवर लिहिलं: २४.