‘दीडशे किलोची फायरप्रूफ तिजोरी घ्या’ : सोनारकामाच्या गाळ्यासाठी हा सल्ला का नको

सुवर्णकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक सल्ला सतत फिरत असतो : छोट्या कारखान्याला दीडशे किलोची, फायरप्रूफ, अंगठ्यावर उघडणारी तिजोरी पुष्कळ झाली. एवढं वजन कोण उचलणार? फरशीत बोल्ट मारून गाळा खराब करू नका. वर विमा आहेच.

आधी वजन. दीडशे किलो म्हणजे एक हातगाडी आणि दोन माणसं. चोराला तिजोरी गाळ्यात फोडायची गरजच नसते, टेम्पोत घातली की बाकीचं काम सवडीने होतं. नेता आली नाही तरी न जखडलेली तिजोरी आडवी पाडली की पहारीला हवा तसा जोर मिळतो. युरोपच्या ईएन 1143-1 या मानकात 1000 किलोंपेक्षा हलक्या तिजोरीला जखडण्याची सोय असावीच लागते, ती याचसाठी. आणि नुसतं वजन वाढवूनही भागत नाही. आयएस 875 या भारतीय मानकानुसार राहत्या घराचा मजला चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो भार धरून आखतात. सहाशे किलोची तिजोरी अर्ध्या चौरस मीटरवर उभी केली की तिथे चौरस मीटरला बाराशे किलोंचा हिशेब होतो. लाकडी तुळयांच्या जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनियरने पाहिल्याशिवाय ती वर चढवूच नये.

‘बोल्ट मारू नका’ हा या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग. तळाला कंपनीने पाडून दिलेली भोकंच वापरा. स्वतः नवं भोक पाडलंत तर आतला थर फुटतो आणि प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. फरशी आणि तिच्याखालचा मसाला यांत बोल्टला पकड मिळत नाही. त्यांची जाडी वजा करून उरलेली लांबी काँक्रीटमध्ये गेली पाहिजे, एम12 (12 मिलिमीटर जाडीच्या) अँकर बोल्टला साधारण 70 ते 80 मिलिमीटर. वरच्या मजल्यावर स्लॅबची जाडी आधी विचारून घ्या, नाहीतर ड्रिल खालच्याच्या छतातून बाहेर निघेल. केमिकल अँकर (रसायनाने चिकटवलेला बोल्ट) असेल तर भोक हवेने झाडा, ब्रशने घासा, पुन्हा हवेने झाडा. आत भुकटी राहिली की रसायन काँक्रीटला न चिकटता भुकटीला चिकटतं आणि अख्खा बोल्ट हातात येतो. विटांच्या भिंतीतला बोल्ट नावापुरता. तळमजल्यावर नुसतं कोबा-पीसीसी (बिनसळ्यांचं काँक्रीट) असेल तर सळ्या घालून ठोकळा ओतून घ्यावा लागतो. भाड्याच्या गाळ्यात मालकाची लेखी परवानगी आधी.

‘फायरप्रूफ’ आणि चोरापासून सुरक्षित या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. आगीची तिजोरी म्हणजे बहुतेकदा पातळ पत्रे आणि मध्ये पाणी धरून ठेवणारं भरण. ग्राइंडरपुढे तिचा टिकाव लागत नाही. कागदांसाठीच्या चाचणीत आतलं तापमान 177 अंश सेल्सियसच्या आत राहिलं की ती पास. सोनं वितळतं 1064 अंशांना, त्याला या संरक्षणाची फारशी गरज नाही. ज्यांना आहे ते मेणाचे नमुने आणि डिझाइनची हार्डडिस्क तर 177 अंशांच्या कितीतरी आधी जातात. मोती आणि तेल मुरवलेल्या पाचूचाही भरवसा नाही. शिवाय त्या भरणातली ओल आत उतरते : चांदी काळी पडते, हत्यारं गंजतात. हिशेबाच्या वह्यांसाठी आगीची छोटी पेटी वेगळी घ्या, डिझाइनची एक प्रत गाळ्याबाहेर ठेवा.

अंगठ्याचं कुलूप कार्यालयात ठीक. इथे बोटं दिवसभर कानस, एमरी, बफ आणि तेजाबात असतात, रेषा झिजलेल्या असतात. सेन्सर नकार देतो, मग जो तो पॅनेलमागच्या जादा चावीने उघडतो. म्हणजे खरं कुलूप ती स्वस्त चावीच. चांगलं यांत्रिक कुलूप किंवा ईएन 1300 या युरोपीय कुलूप-मानकाचं प्रमाणित इलेक्ट्रॉनिक कुलूप घ्या, कारखान्यातला कोड पहिल्याच दिवशी बदला. दोन कुलपं, दोन माणसांकडे, हे त्याहून बरं. दिवसाढवळ्या दरोड्याची धास्ती असेल तर दहा-पंधरा मिनिटांनीच उघडणारं टाइम-डिले कुलूप विचारा. तेजाबाच्या कुंडीजवळ तिजोरी ठेवू नका, वाफेने बोल्टची यंत्रणा गंजून अडकते.

मग घ्यायचं काय? दाराच्या आतल्या बाजूची धातूची पट्टी वाचा. त्यावर मानक, वर्ग आणि अनुक्रमांक हवा : आपल्याकडचं आयएस 550, किंवा ईएन 1143-1 चा ग्रेड. अमेरिकी टीएल-15 या दर्जात 15 मिनिटं म्हणजे हत्यार चालल्याची निव्वळ वेळ, आणि तीही दर्शनी बाजूपुरती. सहाही बाजूंसाठी दर्जापुढे ‘एक्स6’ लागतो. पट्टी नसेल आणि विक्रेता नुसता पत्र्याची जाडी सांगत असेल, तर दुसरं दुकान गाठा. मोठ्या आकाराच्या मागेही लागू नका. किलोभर सोनं जेमतेम 52 घनसेंटिमीटर भरतं. जागा लागते ती ट्रे, पुड्या आणि कीस गोळा केलेल्या डब्यांना. त्यांची मापं घेऊन तिजोरीची आतली जागा मोजा. बाहेरचं माप फसवतं, जाड भिंती बरीच जागा खातात.

राहिला विमा. ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसीत (सोनारांच्या मालाच्या विम्यात) रात्री तिजोरीबाहेर राहिलेला माल सहसा वगळलेला असतो, तसाच नोकराच्या अप्रामाणिकपणाने झालेला तोटाही. म्हणजे बाकावर राहिलेला कीस आणि अर्धवट दागिने भरपाईत धरले जाणार नाहीत. गाळ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या चावीने तिजोरी उघडली गेली तर दाव्याचं काय, हेही कलमात पाहा. कोणता ग्रेड, कोणतं अँकरिंग आणि कोणता अलार्म मान्य आहे, हे विमा कंपनीकडून तिजोरी घेण्याआधी लेखी मागून घ्या.