जुनी सिग्नल केबिन संपवायची रीत

18 एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, हे आमच्या गावाला यंदा कळलं. फ्लेक्समुळे कळलं. रेल्वे फाटकाजवळ मीटरगेजच्या, म्हणजे जुन्या अरुंद रुळांच्या जमान्यातली दुमजली सिग्नल केबिन आहे. सिग्नल आणि सांधे इथूनच हलवायचे. आता केव्हाचीच बंद पडलेली. तिच्याच भिंतीला ड्रिलने भोकं पाडून आणि खिडक्यांच्या चौकटींना तारा आवळून 'चला, वारसा जपू या' असा भलाथोरला फ्लेक्स टांगला. केबिन पुरती झाकून गेली. उरलीसुरली तावदानं त्याच झटापटीत फुटली. फ्लेक्सवर फोटोही सिग्नल केबिनचाच होता, पण कुठल्यातरी परदेशातल्या, खिडकीत तांबड्या फुलांच्या कुंड्या मांडलेल्या केबिनचा. आपली केबिन दाखवायची तर फ्लेक्स थोडा बाजूला करावा लागला असता! प्रमुख पाहुणे उशिरा आले. फाटक लागलं होतं.

हे सगळं पाहून मला वाटलं, आपल्या लोकांत जुन्या वास्तूंबद्दल उत्साह भरपूर आहे, फक्त मार्गदर्शन नाही. एका दुपारी एवढं काम होतं, तर रीतसर माहिती मिळाल्यावर वर्षभरात केबिनीचं नामोनिशाण राहणार नाही. मनमाड-मुदखेड म्हणा, पूर्णा-हिंगोली म्हणा, परळीकडचा फाटा म्हणा, ज्यांच्या गावात असलं काही अजून तग धरून उभं असेल त्यांनी लिहून घ्यावं.

सुरुवात माहितीपासून करावी, म्हणजे ती कुणाला मिळू देऊ नये. पोरांनी विचारलं 'हे काय आहे', तर 'इंग्रजांची खोली' म्हणून मोकळं व्हा. इथे मराठवाड्यात इंग्रजांचं नव्हे, निजामाचं राज्य होतं, या खोलात शिरायचं कारण नाही. निजाम आपल्याला लागतो तो फक्त भाषणात. रेल्वेची मागणी निघाली की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: निजामाने टाकली तेवढीच लाइन, पुढे आम्हाला कुणी काही दिलं नाही. टाळ्या. आणि टाळ्या वाजवून उठलेला माणूस आडोसा शोधत थेट त्याच निजामाच्या काळच्या केबिनीमागे जातो.

आता ज्यांना माहिती दडवायचीच आहे, त्यांना निदान काय दडवायचं ते ठाऊक हवं म्हणून सांगतो. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज 1900च्या आगेमागे पुरी झाली. गादीवर सहावे निजाम, मीर महबूब अली खान. कंपनीचं नाव निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. या नावातली गॅरंटी साधी होती. भांडवल लंडनच्या भागधारकांचं आणि त्यांच्या व्याजाची हमी संस्थानच्या खजिन्याची. खजिना कशातून भरायचा? शेतसाऱ्यातून. म्हणजे कापूस-जवारी पिकवणाऱ्या तुमच्या-माझ्या खापरपणजोबांनी ते ओझं वाहिलं. 1930 साली संस्थानाने कंपनीच विकत घेतली, तीही खजिन्यातूनच. तेव्हा त्या भिंतीवर बदामात बाण मारून नावं कोरताना संकोच कशाला, घरचीच इस्टेट आहे.

भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, पाप लागतं.

तळमजला मुतारी म्हणून राखून ठेवा. सिग्नलच्या तारा आणि सांध्यांच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते त्या जागेच्या) सळया तिथूनच बाहेर जायच्या, त्यामुळे लोखंड तिथेच जास्त. खारं पाणी रोज मिळालं तर लोखंड आणि चुना दोन्ही खचतात, वेगळा खर्च नाही. परवा मी मागच्या बाजूने गेलो तर एक गृहस्थ उभे होते. लाजतील असं मला वाटलं. त्यांनी मान वळवून मलाच विचारलं, "काय फोटो काढू लालाव काका, उगं?"

लोखंड काढताना क्रम चुकवू नका. आधी जिना. जिना गेला की वर काय होतं आणि काय गेलं, हे बघायला कुणी चढत नाही, आणि पुढचं काम सावकाश करता येतं. आमच्याकडे जिना गेला, तेव्हा गावात कुणालाही काही ऐकू आलं नाही. लग्नाचा डीजे ज्या गावात मध्यरात्रीपर्यंत ऐकू जातो, त्या गावात लोखंडी जिना कापल्याचा आवाज आला नाही. भंगारवाल्याला विचारू नका. तोही विचारत नाही.

अर्ज जरूर करा. आवक क्रमांक घ्या. साहेब मीटिंगमध्ये आहेत.

आता मुख्य काम: वरच्या मजल्यावरचे लिव्हर. कमरेएवढ्या उंचीचे पोलादी दांडे ओळीने उभे असतात. त्यांना रंग असतात आणि ते शोभेला दिलेले नसतात. लाल दांडा थांब-सिग्नलचा, पिवळा दूरच्या सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा सांधा पक्का करणाऱ्या लॉकचा, तपकिरी फाटकाचा. पांढरा असेल तर त्याला काहीच जोडलेलं नाही, तो नुसता रांगेत उभा असतो. (पांढऱ्या रंगाचा हा अर्थ रेल्वेने ठरवला आहे. गावातल्या कुणी अंगावर घेऊ नये.)

या दांड्यांची खोड अशी की ते एकमेकांना विचारल्याशिवाय हलत नाहीत. त्यांच्या पायाशी लोखंडी पट्ट्या आणि खाचांची जाळी असते, तिला इंटरलॉकिंग म्हणतात. सांधा नीट बसलेला नसेल तर निळा दांडा लागत नाही. निळा लागला नाही तर लाल सुटत नाही. फाटक उघडं असेल तर लालला हात घालूच नका, दोघांनी मिळून ओढला तरी येणार नाही. आणि सिग्नलचा आडवा हात एकदा गाडीसाठी खाली पडला की फाटकाचा दांडा अडकलाच. आता तो सिग्नल पुन्हा आडवा होईपर्यंत फाटक उघडत नाही. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. रॉकेलच्या दिव्यावर रात्र काढणाऱ्या काळात कुणीतरी लोखंडात एवढी अक्कल भरून ठेवली होती. केबिनमनला झोप अनावर झाली असेल, घरी भांडण झालं असेल, त्याचा हात चुकीच्या दांड्यावर गेला असेल, तरी दांडा नाही म्हणायचा.

आमदाराचा फोन आला तरी नाही म्हणायचा! हेच तर आपल्याला खटकतं. असली वस्तू गावात ठेवणं धोक्याचं आहे, पोरांवर परिणाम होईल. आपल्याकडे नियम झाला की त्यातून कोण सुटणार याची यादी आधी तयार होते, आणि इथे एक यंत्र आपल्याच पैशाने बांधलेलं, ज्यात 'आपला माणूस आहे, सोडा' ही सोयच ठेवलेली नाही. त्याच्या पायाशी काय चालतं ते बघा. फाटक लागतं. दांडी पुरती खाली यायच्या आत पहिला मोटारसायकलवाला वाकून आत घुसतो. मागे बायको, पुढे टाकीवर लेकरू. लेकराची मान हाताने दाबून खाली घालतो आणि गाडी तिरकी करून काढतो. मग दुसरा, मग कॉलेजची पोरं, मग डोक्यावर हेल्मेट नाही पण कानाला मोबाइल आहे असे एक सद्गृहस्थ. पलीकडून तेवढेच येतात. मधोमध, रुळांवर, हँडलला हँडल अडकतं आणि तिथे वाद सुरू होतो. देवगिरी एक्सप्रेसचा हॉर्न वाजतो. कुणी मागे सरत नाही, कारण मागे सरणं म्हणजे कमीपणा. गेटमन बिचारा ओरडतो, त्याला शिव्या मिळतात. एकदा एकाने गेटमनची गचांडी धरली, फाटक उघड म्हणून, सिग्नल दिलेला असताना. 1989च्या रेल्वे कायद्याच्या कलम 160 मध्ये बंद फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे, पण ती वाचायला माणूस जागेवर थांबला पाहिजे ना. आणि घाई कसली असते? फाटकापलीकडे गेलेले हे सगळे मी डोळ्यांनी बघतो. चहाच्या टपरीवर उतरतात. तिथे बसून गाडी कशी धाडधाड जाते ते बघतात. गाडी बघायलाच थांबायचं होतं तर अलीकडे थांबायला काय पाय मोडले होते का रे?

असो. सूर चढला, मार्गदर्शनात तो बरा नव्हे. 

उड्डाणपुलाबद्दल विचारू नका, भूमिपूजन झालेलं आहे. भुयारी मार्गाबद्दलही नको, पाणी आहे.

केबिन पाडताना विकासाचं नाव घ्यायला विसरू नका. मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज 1992 साली झालं, पुढची लाइन टप्प्याटप्प्याने. दुसरी लाइन, वरची वीज, हे सगळं हवंच आहे, आपण त्यासाठी मोर्चे काढलेत. सिग्नल आता रंगीत दिव्यांचे, सांधे बटणावर, स्टेशन मास्तर पडद्याकडे बघून गाडी घेतो. केबिनचं काम संपलं हे कुणीच नाकारत नाही. पण काम संपलं म्हणजे पाडायचीच, असं एकदा म्हटलं की सोपं जातं. देवगिरीच्या किल्ल्याचंही काम कधीचं संपलंय, पण ते मध्ये आणू नका.

सेल्फीसाठी मुंबईला जा. तिथलं मोठं स्टेशन 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, फोटो चांगले येतात.

आठवणी मात्र काढत राहा. त्या फुकट असतात. मीटरगेजचा वाफेचा धूर, अजंठा एक्सप्रेसची वाट, केबिनच्या खिडकीतून हिरवी झेंडी हलवणारे मामा, गाडी न थांबता जाताना ड्रायव्हरने वेताच्या कड्यातला टोकनचा गोळा, म्हणजे पुढच्या लाइनीची परवानगी, कसा हातात उचलला. या आठवणी सांगताना डोळे ओले करावेत. मामांचं नाव काय, ते निवृत्त होऊन कुठल्या गल्लीत राहतात, त्यांना जाऊन कुणी चार गोष्टी विचारल्या का, या भानगडीत पडू नये. मामा गेले की श्रद्धांजलीचा मजकूर तयार असतोच.

एक सूचना भल्या लोकांसाठी. केबिनवर पत्रा टाकावा, दाराला कुलूप लावावं अशी सुरसुरी आली, तर लक्षात ठेवा, ती हद्द रेल्वेची आहे. विनापरवाना आत जाणाऱ्याला कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लघवीला जाणाऱ्याला हे कलम लावलेलं मी आजवर पाहिलं नाही. जिना नेणाऱ्यालाही नाही. माझी चौकशी मात्र झाली, कारण माझ्या हातात मोजपट्टी होती.

पुरे. मला आता हसत हसत लिहिता येत नाहीये.

ज्यांनी वारसा दिन केला त्यांना मी विचारतो, तुमच्यापैकी एक तरी जण त्या केबिनच्या आत गेला होता का? तीत लिव्हर किती उरलेत, छत कुठल्या बाजूने गळतं, तुळई कुठे खाल्लीय, सांगा बघू. नाही सांगता येणार. तुम्ही तिच्याकडे पाठ करून उभे होतात, कॅमेरा समोर होता ना. आणि केबिन गेल्यावर सरकारला शिव्या देत पहिले तुम्हीच याल, मराठवाड्यावर अन्याय म्हणून. कुणी केला अन्याय? जिना दिल्लीने नेला? भिंतीला भोकं मुंबईहून येऊन पाडली? प्रत्येक गोष्टीला अनुशेष म्हणायची सवय लागलीय आपल्याला. जे हातात आहे त्याचं काय केलं, ते विचारलं की मात्र सगळे गप्प.

लई काही मागत नाही मी. संग्रहालय नको, उद्घाटन नको, पाहुणा तर नकोच. गावाच्या लेटरहेडवर एकच परवानगीचं पत्र द्या आणि त्याच्या मागे लागा, जसं दारूच्या दुकानाच्या परवान्यामागे लागता तसं. मृगाच्या आत छतावर पत्रे, दाराला कडी-कोयंडा, आणि लिव्हरना ग्रीस. सुतार गावातलाच आहे, वेल्डर गावातलाच आहे, पत्रे आडतीत मिळतात. पैसे नाहीत म्हणून सांगू नका. वारसा दिनाच्या मिरवणुकीत दोन ढोलपथकं होती आणि पथकांची सुपारी काय असते ते मला माहीत आहे.