सेयर्स चौथा? काहीतरीच!

शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सर्वोत्तम रनिंग बॅकची (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंची) यादी देणाऱ्या तुमच्या लेखात गेल सेयर्सला चौथा क्रमांक दिलाय. वॉल्टर पेटन पहिला, यावर वादच नाही. 13 हंगामांत फक्त एक सामना चुकला, 16,726 यार्ड धावला. 1977 मध्ये तर फ्लू अंगावर काढत मिनेसोटाविरुद्ध 275 यार्ड! पण गेल सेयर्स मॅट फोर्टेच्याही खाली? फोर्टे गुणी होता, 2014 मध्ये 102 झेल घेतले, मान्य. पण 1965 मध्ये रिग्ली फील्ड मैदानाच्या चिखलात बाकीचे घसरत असताना सेयर्स या नवख्या पोराने एकाच सामन्यात 6 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात नेणे) केले होते. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि कारकीर्द 68 सामन्यांत आटोपली. नुसते यार्डच मोजायचे तर कॅल्क्युलेटर पुरे की, लेख कशाला? आणि हो, बेअर्सचाच जुना दिग्गज ब्रॉन्को नागुर्स्की, त्याला कुठे गायब केलंत?