पैशाचं सोंग आणण्याची सोपी रीत

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं वडीलधारी मंडळी सांगत आली. बिचाऱ्यांनी ताळेबंद पाहिला नव्हता. मी उभं आयुष्य लोकांच्या वह्या तपासण्यात घालवलं, त्या जोरावर सांगतो: राजाचं सोंग अवघड, साधूचं त्याहून अवघड, पैशाचं मात्र कोणालाही जमतं. पथ्य एकच. दोन प्रश्न कधी वेगवेगळे विचारायचे नाहीत.

पहिला प्रश्न, आज होतं नव्हतं ते सगळं विकलं तर सगळी देणी फिटतील का? दुसरा, या महिन्याचं देणं या महिन्यात देता येईल का? पहिल्याला ‘नाही’ म्हणावं लागलं तर माणूस बुडालेला असतो, दुसऱ्याला म्हणावं लागलं तर नुसता अडलेला. आता या दोघांत अडलेला फार केविलवाणा दिसतो. घर आहे, जमीन आहे, कर्ज त्याच्या निम्मंही नाही. पण हातात रोकड नाही, म्हणून हप्ता चुकतो आणि चारचौघांत शोभा होते. बुडालेला मात्र नवं कर्ज काढून जुन्याचा हप्ता तारखेआधी भरतो, आणि वसुलीवाले त्याला आपणहून फोन करून आणखी कर्ज हवंय का विचारतात. तेव्हा बुडायचं तर खुशाल बुडा. अडू नका.

यासाठी याची टोपी त्याला घालण्याची कला हवी, आणि ती शिकवायला क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला घरी येतंच. त्यात ‘किमान देय रक्कम’ नावाची ओळ असते. तेवढंच भरा. समजा १०० देणं आहे आणि तुम्ही ५ भरले. उरलेल्या ९५ वर महिना ३ टक्क्यांनी व्याज चढलं की पुढचं बिल जवळजवळ ९८ चं येतं. पाच दिले, दोन फिटले. पण ‘धन्यवाद, पैसे मिळाले’ असा मेसेज पूर्ण पाचाचा येतो. तोच बायकोला दाखवा.

आता मालमत्ता मोजू. खरं कसब इथे लागतं. वस्तूची किंमत कोण किती देईल याची चौकशी करत बसू नका, तुम्ही किती मोजले होते तेच लिहा. एका छापखान्याच्या गोदामात मी मालाची मोजदाद करायला गेलो होतो. यादीत शंभर खोकी ‘तयार माल’ होता. एकावरची धूळ फुंकून झाकण उघडलं, तर आत कॅलेंडरं. चार वर्षांपूर्वीची. मालकांना विचारलं, तर म्हणाले, “अहो, एकाला तरी वाळवी लागलीय का? कागद फर्स्ट क्लास आहे.” वहीत ती छापायला आलेल्या खर्चाइतक्याच किमतीची होती, एक पैसा कमी नाही. तुमचंही असंच एखादं कॅलेंडर असेल. सात वर्षांपूर्वी ज्याला हातउसने दिले आणि जो हल्ली तुम्हाला पाहून रस्ता ओलांडतो, तो मित्र खोडू नका. ‘येणी’ या सदराखाली तो अजून ठणठणीत आहे.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही, मोठमोठ्यांनी चालवलेली वाट आहे. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने व्याजदर तळाला असताना ठरलेल्या व्याजाचे, लांब मुदतीचे रोखे घेऊन ठेवले. पुढे दर चढले आणि रोख्यांचे भाव पडले. पण ‘आम्ही हे मुदत संपेपर्यंत विकणारच नाही’ असं म्हटलं की पडलेला भाव हिशेबात घ्यावा लागत नाही, अशी नियमातच सोय आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची! ठेवीदारांना मात्र मुठीत डोकवावंसं वाटलं. ९ मार्च २०२३ या एका दिवसात त्यांनी ४२ अब्ज डॉलर मागितले आणि दुसऱ्या दिवशी नियामकांनी बँकेला कुलूप घातलं. चूक कोणाची? मागणाऱ्यांची, अर्थात.

लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेची रीत याहून नजाकतीची. हिशेब तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा मागतात ना, मग त्या सुमारास काही दिवसांसाठी रोखे दुसऱ्याकडे ठेवून पैसे उचलायचे, त्याला कर्ज न म्हणता विक्री म्हणायचं, आलेल्या पैशातून दुसरी देणी फेडायची आणि फोटो निघाला की सगळं परत जागेवर. २००८ च्या मध्याला अशी सुमारे ५० अब्ज डॉलरची झाकपाक झाली होती. गंमत म्हणजे १५ सप्टेंबरला दिवाळखोरीचा अर्ज केला त्यात मालमत्ता ६३९ अब्जांची होती आणि देणी ६१३ अब्जांची. म्हणजे कागदावर २६ अब्ज शिल्लक टाकून कंपनी बुडाली. ते २६ अब्ज म्हणजे कोणाची कॅलेंडरं होती, हे मी सांगायला नको.

जामीन राहायला कोणी बोलावलं तर चहा घेऊन या. सही तुम्ही करता, पैसे दुसरा घेतो, मग देण्यांच्या यादीत त्याचं काय काम?

एवढं करूनही वेळ आलीच, तर शब्द नीट वापरा. नादारी ही अवस्था आहे. दिवाळखोरी म्हणजे त्या अवस्थेवर कोर्टाचा शिक्का. पहिलीत वर्षानुवर्षं सुखाने राहता येतं. शिक्का बसायच्या आत मेहुण्याचे पैसे तेवढे गुपचूप देऊन टाकावेत, असं तुमच्या मनात येईल. सगळ्यांच्याच येतं. म्हणून तर बहुतेक देशांच्या कायद्यांत असे व्यवहार उलटवून मेहुण्याकडून पैसे परत मागवायची तरतूद आहे. मग रांग लागते: तारण घेतलेले पुढे, कामगारांचे पगार बहुधा त्यांच्या आसपास, उधारीवर माल देणारे बरेच मागे आणि भागधारक अगदी शेपटाला. शेवटच्याच्या हाती काय लागतं? कॅलेंडर.

कंपनी मर्यादित दायित्वाची असेल तर ती बुडते आणि मालकाचं घर वाचतं. फक्त कर्ज घेताना बँकेच्या साहेबांनी “ही एक औपचारिकता” म्हणून पुढे सरकवलेल्या वैयक्तिक हमीच्या कागदावर तुम्ही सही केलेली नसावी. केलीय? बरं, असू दे, आत्ता नका आठवू.

या सल्ल्याची फी मी तुमच्याकडे मागणार नाही, मागितली की नाती बिघडतात. आजच्या तारखेला वहीत तुमच्या नावावर लिहून टाकली आहे, ‘येणी’ या सदरात, पूर्ण किमतीला.